ढोमणे मास्तरांची फुली

परवा नातवाच्या शाळेतून एक कागद घरी आला. त्यावर मुलाच्या बुद्धीचा आकडा होता. सूनबाईंनी तो आधी देवापुढे ठेवला, मग शेजारच्या बाईंना दाखवला आणि शेवटी माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "बाबा, तुम्हीही बघा की." मी चष्मा सापडत नसल्याचं नाटक केलं. आकडा चांगला होता म्हणे. तरी मी कागदाला हात लावला नाही, आणि म्हातारा हल्ली फारच विक्षिप्त झालाय असं ठरवून घरच्यांनी विषय सोडून दिला. त्यांना काय बोल लावायचा? ढोमणे मास्तर त्यांनी पाहिलेले नाहीत.

अमरावतीला प्राथमिक शाळांचे मास्तर तयार करणारी एक शाळा होती. मी पुण्याहून तिथे भाषा शिकवायला गेलो तेव्हा नामदेव ढोमणे तिथे गणित शिकवत होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. आमचे हुकूम नागपूरहून यायचे आणि मनं मुंबई-पुण्याकडे लागलेली असायची. निदान माझं तरी. मास्तरांचं मन मात्र पातूरजवळच्या त्यांच्या मळ्यातच होतं. ते माळ्याचे चिरंजीव. वडील डोक्यावर टोपलं घेऊन अकोल्याच्या बाजारात वांगी विकायचे. त्यांच्या भाऊबंदांत मॅट्रिक झालेला हा पहिला माणूस.

दिसायला उंच, काळेसावळे, मान जरा पुढे झुकलेली. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, स्वच्छ धोतर, आणि नखांत मात्र कायमची माती. शाळेच्या मागे त्यांनी दोन वाफे केले होते. मधल्या सुट्टीत बाकीचे मास्तर विड्या ओढत बसायचे तेव्हा हे तिथे उकिडवे बसून मिरचीच्या रोपाशी काहीतरी करत असायचे. डब्यात ज्वारीची भाकरी, आणि हिरवी मिरची अशी खायचे की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं.

त्यांच्याजवळ दोन मराठी होत्या. वर्गात "त्रिकोणाच्या दोन बाजू समान असल्यास" अशी छापील भाषा. वर्गाबाहेर पाऊल पडलं की, "काय पुणेकर, चहा घेता का? घ्या ना बाप्पा, काहून लाजून राह्यले?" पहिले पंधरा दिवस मला वाटायचं हा माणूस माझ्यावर खेकसतोय. मी मनात अढी धरून बसलो. मग मला हिवताप आला. खोलीवर एकटाच पडलो होतो. हे गृहस्थ चार दिवस दोन्ही वेळा पेज घेऊन आले, आणि दर वेळी तेवढ्याच जोरात खेकसले, "प्या. तुमच्या मायनं काई दूध पाजलं नव्हतं का?" तेव्हा समजलं, वऱ्हाडात माया अशीच ओरडून करतात.

त्यांचं एक पालुपद होतं: "दांडी मारायची नाही." वडिलांकडून आलेलं. त्यांच्या वडिलांनी बाजारात तराजूची दांडी कधी बोटानं दाबली नाही, ही मास्तरांच्या घराण्याची एकुलती एक कीर्ती. परीक्षेचे पेपर तपासताना मुलाचं नाव दिसू नये म्हणून ते पेपराचा वरचा कोपरा दुमडून ठेवायचे. शाळेच्या चालकांचा पुतण्या एका वर्षी गणितात नापास झाला. चालकांनी बोलावून घेतलं, चहा पाजला, इकडचं तिकडचं बोलले. मास्तरांनी चहा प्यायला, आभार मानले आणि पुतण्या नापासच राहिला. पुढच्या वर्षीची पगारवाढ गेली. मी हळहळलो तर म्हणाले, "पुणेकर, तराजूले जात नसते, गोत नसते. म्हून तं मी इथवर आलो. मले तिसरीत एका गुरुजीनं मागं बसवलं होतं, का तं माळ्याच्या पोट्ट्याले गणित कायले? इन्स्पेक्टर आला, त्यानं तोंडी हिशोब घातले, मी सारे सांगतले. त्यानं माहं नाव बी नाही इचारलं."

हे सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. कारण त्याच सुमारास आमच्या शाळेत ती पेटी आली.

विलायतेहून शिकून आलेले एक प्रोफेसर होते. मुलांची बुद्धी मोजायची चाचणी त्यांनी सोबत आणली होती. चित्रांची पुठ्ठ्याची पानं, लाकडी ठोकळे, प्रश्नांची पुस्तिका, आणि एक स्टॉपवॉच. वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांना ती चाचणी द्यायची, आणि जी हुशार निघतील त्यांना अमरावतीच्या वसतिगृहात ठेवून फुकट शिकवायचं, अशी योजना होती. हे काम करायला चोख माणूस पाहिजे होता. आमच्या शाळेत चोख म्हटलं की एकच नाव.

मास्तरांना केवढा आनंद झाला. पेटी उघडून ते एकेक ठोकळा हातात घेऊन पाहत होते. "या कागदाले पोट्टं कोनाचं हाये ते समजत नाही," ते मला पुन्हा पुन्हा म्हणत. "बाप कोन, गाव कोनतं, काही नाही. अक्कल हाये का नाही, बस. पुणेकर, मातीत किती पोट्टे पडून हायेत तुमाले ठाऊक नाही. आता सापडतीन."

प्रश्न मराठीत उतरवायचं काम माझ्याकडे आलं. मी ते अगदी थाटात केलं. "खालील वस्तूंमधील विसंगत वस्तू कोणती?" असं एक सुरेख वाक्य मी लिहिलं होतं. मास्तरांनी ते खोडायला लावलं. "यातलं वेगळं कोणतं, असं लिवा. पोट्ट्यायले घाम नका फोडू." दोन दिवस आमची हुज्जत चालली आणि मी हरलो. भाषा सोपी झाली, आता काही अडचण नाही, असं आम्हा दोघांनाही मनापासून वाटलं. चित्रं आणि उत्तरांची यादी प्रोफेसरांची होती. तिला कोणी हात लावायचा नव्हता.

मास्तर प्रश्न विचारणार आणि मी घड्याळ धरणार, असं ठरलं. आम्ही गावोगाव फिरू लागलो. सुरुवातीला मजा वाटायची. एका चित्रात तीन पायांची खुर्ची होती. काय राहिलंय ते मुलानं सांगायचं. एक पोरगा बराच वेळ पाहून म्हणाला, "बसणारा." मी हसलो. मास्तर हसले नाहीत. त्यांनी फुली मारली आणि थोड्या वेळानं म्हणाले, "याच्या घरी खुर्ची नसन."

धारणीला जायचं म्हणजे परतवाड्यापर्यंत मोटार आणि पुढे जंगलातून बैलगाडी. तिथली कोरकू आदिवासींची मुलं आमच्यापुढे बसेनात. एकेकट्याला बोलवायचं असा नियम होता, आणि एकटं मूल ओसरीवर आलं की मुकं व्हायचं. बाहेर अंगणात मात्र तीच मुलं डोक्याला डोकं लावून आमच्या ठोकळ्यांविषयी तावातावानं बोलत होती आणि हातानं बरोबर जुळणीही दाखवत होती. भाषा समजावून सांगायला जंगलखात्याचा एक गार्ड होता. एका मुलानं त्याला काहीतरी विचारलं. गार्ड ओशाळून म्हणाला, "साहेब, तो म्हणून राह्यला, या माणसाले उत्तर ठाऊक हाये का नाही? ठाऊक असन तं मले काहून इचारते? आमच्यात असं इचारलं तं थट्टा समजते."

मास्तरांनी पेन्सिल कानावर ठेवली. मग पेन्सिल काढून त्यांनी शून्य मांडलं. परतीच्या वाटेवर गाडीत ते एकच वाक्य बोलले, "नियम सगळ्यायले सारखाच लावला ना आपण?" मी म्हटलं, अगदी सारखाच. त्यांना तेवढंच हवं होतं.

आणि मग पातूर.

मास्तरांची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. जीव सारा बहिणीच्या मुलीवर. चंद्रभागा तिचं नाव, सगळे चंद्री म्हणायचे. दहा वर्षांची असेल. ओल्या वाफ्यात बोटानं अक्षरं काढून मास्तरांनीच तिला लिहायला शिकवलं होतं. मुलगी म्हणून तिचा बाप शाळेत घालायला तयार नव्हता. मास्तरांनी त्याला सांगितलं, "दाजी, पोट्टी भल्ली हुशार हाये, मी सांगतो." मेहुण्याच्या शब्दाखातर बापानं तिला शाळेत घातलं. अमरावतीला घेऊन जायच्या मुलांत चंद्रीचं नाव असणार, हे मास्तरांनी मनात पक्कं केलेलं होतं. तोंडानं ते बोलले नाहीत, पण त्या दिवशी सकाळी त्यांनी दोनदा टोपी नीट केली.

चंद्री तेलानं चापून वेणी घालून आली होती. मामाला पाहून तिचं तोंड फुललं. मास्तर छापील मराठीत म्हणाले, "तुझं नाव काय?"

ती हसली. "मामा, माहं नाव इसरले का?"

"नाव सांग."

तिचं हसू गेलं. तिनं नाव सांगितलं, आणि त्यानंतर ती प्रत्येक उत्तर फार जपून, फार उशिरा देऊ लागली. मी घड्याळाचा खटका दाबत होतो. दोन उत्तरं वेळ संपल्यावर आली. ती दोन्ही बाद झाली. मग चार चित्रांचं पान आलं. वांगं, मिरची, गुलाब, कांदा. यातलं वेगळं कोणतं?

इथे मात्र ती थांबली नाही. तिनं लगेच कांद्यावर बोट ठेवलं आणि मामाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत आता पुन्हा ते हसू होतं, हे तर आपल्या घरचंच आहे अशासारखं.

यादीत गुलाब होता. बाकीच्या तीन भाज्या, गुलाब फूल. मास्तरांची पेन्सिल कागदाच्या वर तशीच राहिली. मग त्यांनी फुली मारली आणि पान उलटलं.

संध्याकाळी आम्ही रस्त्याच्या कडेला अकोल्याच्या मोटारीची वाट पाहत बसलो होतो. मास्तर पेटीवर बसले होते. म्हणाले, "पुणेकर, तिचं उत्तर बरोबर होतं."

"कसं काय?"

"वांग्याचा तोडा होते. मिरचीचा होते, गुलाबाचा होते. आज तोडलं तं चार दिवसांनी पुन्हा तोडाले येते, झाड उभंच राह्यते. कांदा एकडाव उपटला का वाफा रिकामा. माळ्याच्या घरी कोनाले बी इचारा, माह्या मायले इचारा, कांदाच सांगन. तिनं बोट ठेवलं तवाच मले समजलं."

"मग फुली का मारली?"

"तुमी असते तं काय केलं असतं?"

मी मोठ्या शहाणपणानं म्हणालो, "यादीत गुलाब आहे. नियम म्हणजे नियम. आज हिला सूट दिलीत तर सगळी चाचणीच वाया."

"तेच," ते म्हणाले. "भाचीपायी दांडी मारली असं झालं असतं." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी नाही म्हणावं, वाद घालावा असंच त्यांना हवं होतं. मी मोटार आली का ते बघायला उठलो. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, पण ते उठणं मला अजून खुपतं.

तीन महिन्यांनी शाळाशाळांतून याद्या गेल्या. मुलाच्या नावापुढे एकच शब्द. चंद्रीच्या नावापुढे 'मंद' होतं. तिच्या गुरुजींनी ते वर्गात वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी बापानं तिला शाळेतून काढलं. मास्तर धावत गावी गेले. दाजी काही रागावले नव्हते. त्यांनी पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली आणि विचारलं, "तुमीच लिवलं ना हे? का दुसऱ्या कोनं?"

"मीच लिवलं."

"मंग झालं. तुमी म्हणाले हुशार, म्हून धाडली. आता तुमीच म्हणता मंद. तुमी काई खोटं लिवान का?"

मास्तर मला हे सांगताना रडले. त्या माणसाचा आपल्यावर एवढा विश्वास नसता तर पोरगी वाचली असती, असं म्हणाले. "तेव्हाच का सांगितलं नाहीत त्यांना?" मी विचारलं. ते म्हणाले, "एक फुली खोटी म्हटली असती तं साऱ्याच खोट्या झाल्या असत्या. मंग वसतिगृह बंद. मले वाटलं, दुसरे पोट्टे तं जातीन." दुसरी मुलं गेलीही. वकिलाचा मुलगा, तहसिलीतल्या कारकुनाचा मुलगा, एका पटवाऱ्याचा मुलगा. मातीतलं कोणी गेलं नाही.

त्यानंतर मास्तरांनी प्रोफेसरांना पत्र लिहिलं. मीच ते शुद्ध करून दिलं. त्यात कांदा होता, खुर्ची होती, धारणीचा तो मुलगा होता. प्रोफेसरांचं उत्तर फार सभ्य होतं. आपलं निरीक्षण मोठं रंजक आहे, पण उत्तरं बदलली तर दुसऱ्या प्रांतांतल्या मुलांशी तुलना करता येणार नाही. पुढे त्यांचा अहवाल छापून आला. वऱ्हाडातल्या शेतकरी, माळी आणि वन्य जातींच्या मुलांत वस्तूंची वर्गवारी करायची शक्तीच उपजत कमी असते, असं त्यात म्हटलं होतं. शेवटी आभार मानले होते, त्यात श्री. ढोमणे यांच्या काटेकोरपणाचा खास उल्लेख होता.

मास्तरांनी स्टॉपवॉच रुमालात गुंडाळून पार्सलनं परत पाठवलं. शाळेमागचे वाफे त्याच वर्षी वाळून गेले. ते एक वही घेऊन सुट्टी पडली की खेड्यांत जायचे आणि मुलांना तेच जुने प्रश्न विचारायचे, फक्त आता पुढे 'काहून?' असं विचारायचे आणि मूल जे सांगेल ते लिहून घ्यायचे. घराला आग लागली तर आधी काय करशील? "बैलं सोडीन." काहून? "माणसं आपल्या पायानं निंगतीन, बैलं बांधलेले हायेत." अशी पानंच्या पानं. ती वही कोणी छापली नाही. मी दोघातिघांना दाखवली, त्यांनी चाळली, गंमत आहे म्हणाले.

चंद्रीचं लग्न बार्शीटाकळीकडे एका माळ्याच्या घरी झालं. सहा-सात वर्षांनी मास्तर मला तिच्या सासरी घेऊन गेले. तीन भावांत एक विहीर, एकच मोट. उन्हाळ्यात पाण्यावरून डोकी फुटायची वेळ आलेली, आणि चंद्रीनं पाळ्या लावून दिल्या होत्या. तिसऱ्या पाळीला बैल थकतात, पाणी कमी पडतं, म्हणून पाळी रोज फिरती. ज्याचा मळा लांब, त्याचं पाणी पाटातच जिरतं, म्हणून त्याला थोडा वेळ जास्त. वेळ कळायला काठीची सावली, आणि सावली सकाळी लांब असते म्हणून खुणा सारख्या अंतरावर नव्हत्या. दोन्ही दीर मुकाट्यानं तिचं ऐकत होते. मी थक्क झालो. मास्तरांनी मान वळवून डोळे पुसले आणि म्हणाले, "पाह्यलं का? चंद्रे, तू भल्ली हुशार हायेस."

ती खळखळून हसली. "काई तरीच मामा. हे तं हाताचं काम. डोक्याचं मले कुठं जमते? मी कमी डोक्याची, तुमाले नाही का ठाऊक?"

हे ती दुःखानं म्हणत नव्हती, आणि तेच सहन होत नव्हतं. आपली उंची कमी आहे हे जसं माणूस सांगतो तसं ती सांगायची. बाजारात, घरात, दिरांशी भांडताना, सगळीकडे. "मी कमी डोक्याची" हे तिच्या बोलण्यात येऊन बसलं होतं. मास्तर दर वेळी "नाही, नाही" म्हणायचे आणि ती दर वेळी हसायची. मामा मायाळू, एवढाच तिनं त्याचा अर्थ घेतला होता.

तिला मुलगी झाली, वत्सला. वच्छी शाळेच्या वयाची झाली तेव्हा चंद्री तिला धाडेना. "माह्यावर गेली असन. कायले तिले चारचौघांत मंद म्हणून घ्याले धाडू?" मास्तर गावी गेले, परत आले, पुन्हा गेले. तोवर त्यांचं पोटाचं दुखणं बळावलं होतं. नोकरी सोडून ते अकोल्याला दोन खोल्यांत राहत होते. महायुद्ध चालू होतं, औषधं मिळत नव्हती. त्यांची शुश्रूषा करायला चंद्रीच वच्छीला घेऊन येऊन राहिली.

मी अमरावतीहून भेटायला गेलो तो दुपारचा. मास्तर खाटेवर होते. हाडं उरली होती. चंद्री त्यांना वारा घालत होती आणि दर वाक्याला मामा, मामा करत होती. मामा, पाणी देऊ का. मामा, पाय चेपू का. मामा, पुण्याचे मास्तर आले पाह्यलं का.

मास्तरांनी मला जवळ बसवलं. म्हणाले, "पुणेकर, तुमी सांगा हिले. मी सांगून थकलो. वच्छीले शाळेत टाकाचं हाये. हिनं कांदा सांगतला होता ते बरोबर होतं, हे तुमी सांगा. तुमचं आयकन."

चंद्री हसून म्हणाली, "बरं मामा. तुमी म्हणता तं मी हुशार." लहान मुलाची समजूत घालावी तसा आवाज. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मग ती मला हळूच म्हणाली, "भाऊ, दुखण्यात माणूस असं बोलते. मामाची माया लय हाये. मले बरं वाटावं म्हून बोलून राह्यले."

मला राहवलं नाही. मला वाटलं, आता पुरावाच दिला पाहिजे. आयुष्यभर मी भाषा शिकवली, पण कोणतं वाक्य कुठे थांबवावं हे मला त्या दिवशी समजलं नाही. मी म्हणालो, "ही दुखण्यातली माया नाही, चंद्रभागाबाई. मामांना हे आज सुचलेलं नाही. तुम्ही कांद्यावर बोट ठेवलंत त्याच क्षणी त्यांना कळलं होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी मला सगळं सांगितलं, तोडा म्हणजे काय ते. तुमचं उत्तर बरोबरच होतं. मी साक्षीला आहे."

तिचा पंखा थांबला.

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

तिनं मला विचारलं, "घड्याळ तुमच्याच हाती होतं ना?"

"हो."

मग ती मास्तरांकडे वळली. मास्तरांनी डोळे उघडले होते. तिनं आवाज जरासुद्धा चढवला नाही. "तुमाले ठाऊक होतं, तं तवा काहून नाही बोलले?"

आम्ही दोघंही मास्तर. आम्हा दोघांनाही उत्तर आलं नाही. तराजू, दांडी, नियम यांतलं काहीच मास्तरांच्या तोंडून निघालं नाही. इतकी वर्षं त्यांना एकच हवं होतं, की तिनं आपल्यावर विश्वास ठेवावा. तिनं आता ठेवला होता. ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

तिनं पंखा खाली ठेवला आणि मागच्या अंगणात जाऊन बसली. बऱ्याच वेळानं आत आली. तोंड धुतलेलं होतं. मला म्हणाली, "वच्छी सोमवारपासून शाळेत जाईन. तुमी तिचं नाव टाकून द्या." मी हो म्हणालो. मास्तरांनीही ते ऐकलं.

मी निघेपर्यंत तिनं सगळं केलं. वेळेवर औषध पाजलं, उशी नीट केली, ओल्या फडक्यानं त्यांचं तोंड पुसलं, पेज भरवली. हात तसेच हळुवार होते. मास्तर तिच्या तोंडाकडे एकटक पाहत होते, घास घ्यायचंही विसरत होते, आणि ती चमचा धरून थांबायची, "घ्या" म्हणायची. दारातून मी शेवटचं पाहिलं तेव्हाही ते तसेच तिच्या तोंडाकडे पाहत वाट बघत होते. त्या दुपारी नंतर तिनं त्यांना एकदाही मामा म्हटलं नाही.